लॅपटॉपवर साईट उघडते पण ॲपमध्ये नाही: इंटरमीजिएट सर्टिफिकेटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात वागळे इस्टेटमधून छोट्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळते. ट्रान्सपोर्टवाले, क्लासेस, दोन-तीन पॅथॉलॉजी लॅब, महापे-रबाळे एमआयडीसीतले कारखाने असे क्लायंट आहेत आणि साईटचं सर्टिफिकेट (साईट खरी असल्याचा डिजिटल पुरावा) रिन्यू झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी जे फोन येतात त्यातल्या बहुतेकांचं दुखणं एकच असतं, मधलं सर्टिफिकेट सर्व्हरवर चढवलेलंच नसतं. तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.

प्रश्न: मी तर एकच सर्टिफिकेट विकत घेतलं, मग हे इंटरमीजिएट कुठून आलं?

घोडबंदर रोडच्या एखाद्या मोठ्या सोसायटीचं गेट डोळ्यासमोर आणा. वॉचमनला फक्त चेअरमनची सही ओळखता येते. कामाला येणाऱ्या मावशींच्या पासवर मात्र सही असते सेक्रेटरीची, कारण चेअरमन रोज दोनशे पासांवर सह्या करत बसणार नाहीत, त्यांनी एकदाच पत्र दिलंय की "सेक्रेटरी माझ्या वतीने पास देतील". आता मावशींनी नुसता पास दाखवला तर वॉचमन म्हणणार ही सही कोणाची, मला माहीत नाही. पास आणि चेअरमनचं ते पत्र दोन्ही दाखवलं की काम झालं.

तुमच्या डोमेनचं सर्टिफिकेट म्हणजे तो पास. चेअरमन म्हणजे रूट सर्टिफिकेट, ते विंडोज, अँड्रॉइड, आयफोन, फायरफॉक्स यांच्यात आधीच भरलेलं असतं. आणि ते मधलं पत्र म्हणजे इंटरमीजिएट सर्टिफिकेट. पत्र मावशींनी स्वतः सोबत ठेवायचं असतं, म्हणजेच तुमच्या सर्व्हरने प्रत्येक कनेक्शनला आपलं सर्टिफिकेट आणि इंटरमीजिएट दोन्ही पाठवायचं असतं. टीएलएसचा, म्हणजे सुरक्षित कनेक्शन जोडायच्या पद्धतीचा, नियमच तसा आहे, समोरचा शोधून घेईल असं धरून चालायचं नाही.

प्रश्न: रूटनेच थेट सही केली तर ही भानगडच राहणार नाही ना?

रूटची प्रायव्हेट की (जिने सही होते ती गुप्त किल्ली) चोरीला गेली तर जगातल्या सगळ्या फोन आणि कॉम्प्युटरमधून ते रूट काढावं लागेल, आणि ज्या जुन्या फोनला अपडेटच येत नाहीत तिथून ते निघणारच नाही. म्हणून रूटची की नेटवर्कपासून तोडून, कडीकुलपात ठेवतात, ती क्वचित बाहेर काढून इंटरमीजिएटवर सही करतात आणि रोजचं काम इंटरमीजिएट करतं. त्यात काही गडबड झाली तर तेवढंच रद्द करायचं.

हे नुसतं पुस्तकी नाही, आपल्याकडेच घडलंय. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या लक्षात आलं की त्यांच्या काही डोमेनसाठी एनआयसी या केंद्र सरकारच्या आयटी संस्थेच्या इंटरमीजिएटखाली परवानगीशिवाय सर्टिफिकेटं निघाली आहेत. एनआयसीवर विश्वास ठेवला जात होता तो भारत सरकारच्या सीसीएच्या (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांचा नियंत्रक) रूटमुळे आणि ते रूट मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं, त्यामुळे विंडोजवर ती खोटी सर्टिफिकेटं खरी वाटली असती. सीसीएने दुसऱ्याच दिवशी एनआयसीची इंटरमीजिएट सर्टिफिकेटं रद्द केली. मधली पायरी होती म्हणून घाव तिथल्या तिथे घालता आला.

प्रश्न: पण माझ्या क्रोममध्ये साईट मस्त उघडते. म्हणजे सगळं बरोबरच आहे ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो म्हणून याच्यावर जरा जास्त लिहिते.

डेस्कटॉपवरचे ब्राउझर तुमची चूक झाकतात. तुमच्या सर्टिफिकेटच्या आतच एक पत्ता लिहिलेला असतो, एआयए म्हणतात त्याला, की माझ्यावर सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट इथून मिळेल. क्रोम, एज, सफारी हे त्या पत्त्यावर जाऊन मधलं सर्टिफिकेट स्वतःच घेऊन येतात, म्हणजे वॉचमनच भला माणूस, तो स्वतः ऑफिसात जाऊन पत्र आणतो. फायरफॉक्स असं आणत नाही पण तो माहितीतली इंटरमीजिएट सर्टिफिकेटं आधीच उतरवून ठेवतो. शिवाय दुसऱ्या कुठल्या साईटवर तेच इंटरमीजिएट आधी दिसलं असेल तर तेही लक्षात असतं. म्हणून तुमच्या लॅपटॉपवर उघडतं.

अँड्रॉइडची ॲप्स, जावाचे प्रोग्रॅम, पायथनच्या स्क्रिप्ट, कर्ल (टर्मिनलवरून साईटला कॉल करणारं टूल), पेमेंट गेटवेकडून येणारे कॉलबॅक, यातलं कोणीही सहसा स्वतःहून आणायला जात नाही. जावात ती सोय आहे पण मुळात बंद असते. त्यामुळे साईट दिसते आणि ॲप मरतं, ऑर्डर येते आणि पेमेंट झाल्याचा निरोप येत नाही, आणि तुम्ही दिवसभर कोडमध्ये चूक शोधत बसता.

तुर्भ्याला एपीएमसीजवळ एक ट्रान्सपोर्टवाले आहेत, त्यांचे ड्रायव्हर माल उतरवला की चलनाचा फोटो ॲपमधून अपलोड करतात. एका सकाळी एकाही ड्रायव्हरचा फोटो चढेना. त्यांच्या होस्टिंगवाल्याने आदल्या रात्री सर्टिफिकेट बदललं होतं आणि त्याचं म्हणणं एकच, "मॅडम, माझ्याकडे उघडतंय". ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर खरंच उघडत होतं. मी तिथेच टर्मिनल उघडून चेन (सर्व्हर पाठवतो ती सर्टिफिकेटांची साखळी) बघितली तर शून्य नंबरची ओळ होती आणि त्याखाली काहीच नाही, नुसतं एक सर्टिफिकेट. सर्व्हरवर फाइल उघडली, त्यात "बिगिन सर्टिफिकेट" एकदाच. जुनी फाइल बाजूला ठेवलेली होती, तिच्यात दोनदा होतं. सीएने (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने) दिलेल्या झिपमधून बंडल, म्हणजे इंटरमीजिएटची फाइल, काढून खाली जोडलं, एनजिनएक्स हा वेबसर्व्हर रीलोड केला, परत बघितलं तर एक नंबरची ओळ आली. खाली यार्डात एक ड्रायव्हर गाडीला टेकून उभा होता, त्याला म्हटलं दादा परत दाबा, त्याने दाबलं आणि फोटो चढला. काम दहा मिनिटांचं, पण तोवर दुपारचे दोन वाजले होते आणि अख्ख्या सकाळची चलनं कागदावर राहिली होती.

प्रश्न: मग खरं काय ते तपासायचं कसं?

ओपनएसएसएल हे टर्मिनलमधलं टूल वापरा. कमांड आहे ओपनएसएसएल एस_क्लायंट, तिला कनेक्ट या पर्यायात तुमचं डोमेन आणि पोर्ट ४४३ द्यायचा, सर्व्हरनेम मध्ये परत तेच डोमेन, आणि शोसर्ट्स लावायचं. सर्व्हरनेम विसरू नका, एका आयपीवर चार साईट असतील तर जुनं ओपनएसएसएल भलत्याच साईटचं सर्टिफिकेट दाखवतं आणि तुम्ही तिसरीकडेच शोधत बसता.

उत्तरात "सर्टिफिकेट चेन" असं शीर्षक येतं. खाली ० नंबरला तुमचं डोमेन, एस म्हणजे सर्टिफिकेट कोणाचं आणि आय म्हणजे सही कोणाची. ० च्या आय मध्ये जे नाव आहे तेच १ च्या एस मध्ये दिसलं पाहिजे. असं एकेक जुळत वर जायचं. शेवटी व्हेरिफाय रिटर्न कोड बघा. ० आला तर उत्तम. २१ आला, म्हणजे "अनेबल टू व्हेरिफाय द फर्स्ट सर्टिफिकेट", आणि चेनमध्ये एकच सर्टिफिकेट दिसलं, तर समजा इंटरमीजिएट गायब आहे.

टर्मिनल नको असेल तर क्वालिसची एसएसएल लॅब्स टेस्ट चालवा, फुकट आहे. "चेन इश्यूज" समोर "इन्कम्प्लीट" आलं तर हाच प्रॉब्लेम, आणि तेवढ्या एका कारणावरून ग्रेड बी च्या वर जात नाही. मात्र ही टेस्ट बाहेरून पोचणाऱ्या साईटचीच होते, ऑफिसच्या आतल्या सर्व्हरसाठी एस_क्लायंटच.

प्रश्न: एरर प्रत्येक ठिकाणी वेगळी दिसते, ओळखायची कशी?

अँड्रॉइड ॲपच्या लॉगमध्ये "ट्रस्ट अँकर फॉर सर्टिफिकेशन पाथ नॉट फाउंड" येतं. जावात "पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड". कर्लमध्ये एरर ६० आणि "अनेबल टू गेट लोकल इश्यूअर सर्टिफिकेट". फायरफॉक्समध्ये "अननोन इश्यूअर". शब्द वेगळे, पण सांगतायत एकच की सही करणारा मला ओळखीचा नाही. अगदी सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट असेल तरी यातलं काही दिसू शकतं, म्हणून आधी चेन बघा मग निष्कर्ष काढा.

प्रश्न: झिपमध्ये चार-पाच फाइली आल्यात, कुठली काय आहे?

नावावर जाऊ नका, प्रत्येक सीए वेगळं नाव देतो. तुमच्या डोमेनच्या नावाची फाइल बहुतेक वेळा तुमचं सर्टिफिकेट असते, "सीए बंडल" किंवा "चेन" नावाची फाइल म्हणजे इंटरमीजिएट, कधी एक कधी दोन-तीन. रूट वेगळं दिलेलं असेल तर ते बाजूला ठेवा. शंका असेल तर ओपनएसएसएल एक्स५०९ कमांडने सब्जेक्ट आणि इश्यूअर छापून बघा. दोन्ही सारखेच आले तर ते रूट.

प्रायव्हेट की या झिपमध्ये सहसा नसतेच, ती तुम्ही सीएसआर (सीएकडे द्यायचा सर्टिफिकेटचा अर्ज) बनवताना तुमच्याच सर्व्हरवर तयार झालेली असते. आणि प्लीज, ती की व्हॉट्सॲपवर पाठवू नका. लोक सर्रास पाठवतात. सर्टिफिकेट आणि इंटरमीजिएट कोणालाही दाखवा, ती जाहीरच असतात, पण की बाहेर गेली असेल तर ती गेलीच समजा, नवीन बनवा आणि जुनं सर्टिफिकेट रद्द करून घ्या.

प्रश्न: एनजिनएक्समध्ये कुठे टाकायचं?

एनजिनएक्समध्ये इंटरमीजिएटसाठी वेगळी ओळ नाही. एकाच फाइलमध्ये आधी तुमचं सर्टिफिकेट आणि त्याखाली इंटरमीजिएट, आणि ती फाइल एसएसएल_सर्टिफिकेट या ओळीत द्यायची. कॅट कमांडने दोन फाइली जोडल्या की झालं. एसएसएल_ट्रस्टेड_सर्टिफिकेट नावाची ओळ बघून बरेच जण बंडल तिथे टाकतात, पण तिथलं क्लायंटला पाठवलंच जात नाही, त्याचं काम वेगळं आहे.

जोडताना दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे उलटा क्रम, बंडल वर आणि तुमचं सर्टिफिकेट खाली. मग एनजिनएक्स "की व्हॅल्यूज मिसमॅच" म्हणतो, कारण तो पहिलं सर्टिफिकेट तुमच्या कीशी जुळवून बघतो आणि ते असतं दुसऱ्याचंच. लोकांना वाटतं प्रायव्हेट कीच चुकली, म्हणून नवीन सीएसआर काढायला पळतात, अजिबात गरज नसते. दुसरी चूक बारीक आहे, पहिल्या फाइलच्या शेवटी नवी ओळ नसेल तर "एंड सर्टिफिकेट" आणि पुढचं "बिगिन सर्टिफिकेट" एकाच ओळीत चिकटतात आणि फाइल वाचताच येत नाही. एडिटरमध्ये उघडून त्या दोघांच्या मध्ये एंटर मारा.

नंतर एनजिनएक्स टी करून तपासा आणि मगच रीलोड.

प्रश्न: आणि अपाचेमध्ये?

व्हर्जन बघा. २.४.८ पासून एसएसएलसर्टिफिकेटफाइल याच ओळीत एनजिनएक्ससारखी जोडलेली फाइल चालते. त्याआधीच्या अपाचेत इंटरमीजिएट वेगळं, एसएसएलसर्टिफिकेटचेनफाइल मध्ये द्यायचं. ती जुनी ओळ नव्या व्हर्जनमध्येही चालते पण आता तिचा सल्ला देत नाहीत. सर्व्हर जुना असेल आणि जोडलेली फाइल देऊनही इंटरमीजिएट जात नसेल तर कारण हेच. कॉन्फिगटेस्ट करा, मग ग्रेसफुल रीस्टार्ट.

प्रश्न: आमच्याकडे विंडोज सर्व्हर आहे, आयआयएस. तिथे तर फाइल जोडायची सोयच दिसत नाही.

बरोबर, तिथे हिशोब वेगळा आहे. विंडोज स्वतःच्या सर्टिफिकेट स्टोअरमधून चेन बांधतो, त्यामुळे इंटरमीजिएट तिथे "इंटरमीजिएट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज" या फोल्डरमध्ये इंपोर्ट करायचं. महत्त्वाचं म्हणजे ते लोकल कॉम्प्युटरच्या स्टोअरमध्ये हवं. डबलक्लिक करून पुढे पुढे दाबत गेलात तर ते तुमच्या लॉगिनच्या स्टोअरमध्ये जातं, आयआयएसला ते दिसत नाही आणि तुम्हाला वाटतं इंपोर्ट तर केलं होतं. आणि "ट्रस्टेड रूट" मध्ये इंटरमीजिएट कोंबू नका, चेन तिथेच संपल्यासारखी होते आणि क्लायंटकडे अर्धवट जाऊ शकते.

प्रश्न: टॉमकॅट?

सोपा रस्ता सांगते. ओपनएसएसएल पीकेसीएस१२ एक्सपोर्टने जोडलेली फाइल आणि की मिळून एक पी१२ फाइल बनवा आणि सर्व्हर.एक्सएमएल मध्ये तीच कीस्टोअर (की आणि सर्टिफिकेटं ठेवायची फाइल) म्हणून द्या. जावाच्या कीटूलने एकेक सर्टिफिकेट वेगळ्या नावाने इंपोर्ट करत बसलात तर बऱ्याचदा ती सगळी कीस्टोअरमध्ये सुटी पडून राहतात, कीशी जोडली जात नाहीत. कीटूलची लिस्ट व्हर्बोज करून बघा, तुमच्या कीच्या खाली "सर्टिफिकेट चेन लेंग्थ" दोन किंवा जास्त हवी.

प्रश्न: रूटपण जोडून टाकू का, म्हणजे काही कमी नको?

नको. समोरच्याकडे रूट आधीच असेल तर पाठवून फायदा नाही, आणि नसेल तर तुम्ही पाठवलंत म्हणून तो विश्वास ठेवणार नाही. चेअरमनचा फोटो पासाला लावून काय होणार? बिघडत काही नाही, पण प्रत्येक हँडशेकला, म्हणजे कनेक्शन जुळताना, जास्तीचे बाइट जातात.

प्रश्न: आमचं लेट्स एन्क्रिप्ट आहे, सर्टबॉट सगळं आपोआप करतो. तरी का अडलं?

लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेट देणारी सीए आणि सर्टबॉट हा ती आणून रिन्यू करणारा प्रोग्रॅम. तो लाइव्ह फोल्डरमध्ये चार फाइली ठेवतो: सर्ट.पेम, चेन.पेम, फुलचेन.पेम आणि प्रिव्हकी.पेम. कॉन्फिगमध्ये फुलचेन हवी. "सर्टिफिकेट" या शब्दाला भुलून लोक सर्ट.पेम देतात आणि मग वर सांगितलेली सगळी कहाणी.

दुसरं, त्या फाइली कॉपी करून दुसरीकडे नेऊ नका. लाइव्हमधल्या फाइली म्हणजे नुसत्या लिंक असतात, रिन्यू झालं की त्या नव्या फाइलकडे वळतात, तुमची कॉपी मात्र जुनीच राहते आणि सर्टिफिकेटची ९० दिवसांची मुदत संपली की साईट पडते. आणि रिन्यू झाल्यावर सर्व्हर रीलोड व्हायला हवा, सर्टओन्लीने (फक्त सर्टिफिकेट आणणाऱ्या कमांडने) काढलं असेल तर डिप्लॉय हुक (रिन्यू झाल्यावर आपोआप चालणारी कमांड) लावा, नाहीतर डिस्कवर नवीन आणि मेमरीत जुनं अशी अवस्था होते.

तिसरं जरा खोल आहे. काही जणांनी इंटरमीजिएटची फाइल कधीतरी एकदा डाउनलोड करून कॉन्फिगमध्ये कायमची चिकटवलेली असते. लेट्स एन्क्रिप्टने जून २०२४ मध्ये आर३ हे इंटरमीजिएट बाजूला ठेवून आर१०, आर११ आणि ई५, ई६ वापरायला घेतली, आणि प्रत्येक जोडीतल्या दोनपैकी कुठलं मिळेल हे आधी ठरलेलं नसतं. ज्यांनी आर३ चिकटवलं होतं त्यांचा पास एका सेक्रेटरीचा आणि पत्र दुसऱ्याचं. म्हणून इंटरमीजिएट नेहमी त्या-त्या सर्टिफिकेटसोबत आलेलंच वापरायचं. ॲपमध्ये इंटरमीजिएट पिन करणाऱ्यांनी (फक्त तेच एक मान्य असं पक्कं लिहिणाऱ्यांनी) तर हे भिंतीवर लिहून ठेवा.

प्रश्न: चेन बरोबर आहे तरी काही जुन्या फोनवर चालत नाही.

मग प्रश्न रूटचा आहे. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनमध्ये लेट्स एन्क्रिप्टचं आयएसआरजी रूट एक्स१ नाहीच. आधी दुसऱ्या एका जुन्या रूटची उसनी सही होती त्यावर ते चाललं. ते जुनं रूट ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं तरी अँड्रॉइड रूटची मुदत बघत नसल्यामुळे उसनी सही चालत राहिली, ती सही ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. २०२१ च्या त्याच दिवशी ओपनएसएसएल १.०.२ आणि त्याआधीचं वापरणारे कितीतरी जुने सर्व्हर अडकले होते, कारण दुसरा चांगला रस्ता असतानाही ते मुदत संपलेल्या रूटकडेच जात होते. तुमच्याकडे कारखान्यात जुनी हँडहेल्ड मशिनं असतील तर सीए निवडतानाच त्याचं रूट त्या मशिनात आहे का ते बघा. सर्व्हरवर कितीही जोडाजोड करून हे सुटत नाही.

प्रश्न: ॲपवाला डेव्हलपर म्हणतो, सर्टिफिकेट चेक बंद करून टाकू, पाच मिनिटांत चालू होईल.

कृपा करून करू देऊ नका. चेक बंद केला की ॲप कोणालाही तुमचा सर्व्हर समजेल, ठाणे स्टेशनवरच्या फुकट वायफायवर बसलेला कोणीही मध्ये घुसून पासवर्ड, ओटीपी, पेशंटचे रिपोर्ट सगळं वाचू शकतो. आणि हे तात्पुरतं म्हणून केलेलं कायमचं राहतं, वर्षभराने त्या ॲपमध्ये परत कोणी बघत नाही. एका लॅबच्या ॲपमध्ये मला हे सापडलं तेव्हा खरंच पोटात गोळा आला, लोकांचे एचआयव्हीचे रिपोर्ट जात होते त्यातून. सर्व्हरवर एक फाइल जोडायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ तो चेक बंद करायला लागतो.

प्रश्न: पुढे लोड बॅलन्सर (येणारं काम अनेक सर्व्हरवर वाटणारा) किंवा क्लाउडफ्लेअर (साईटच्या पुढे बसणारी सेवा) आहे. मग कुठे बघायचं?

क्लायंटचं टीएलएस जिथे संपतं तिथे. पुढे क्लाउडफ्लेअर असेल तर लोकांना दिसणारी चेन तेच पाठवतात. लोड बॅलन्सर असेल तर चेन त्याच्यावर चढवायची, मागच्या सर्व्हरवर चढवून बाहेरच्यांना फरक पडत नाही. एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सरला सर्टिफिकेट, इंटरमीजिएट आणि की एकाच पेम फाइलमध्ये दिली तरी चालते. क्लायंटचं टीएलएस संपवणारे दोन-तीन सर्व्हर असतील तर प्रत्येकाचा आयपी देऊन वेगळं तपासा, एकावर जुनी फाइल राहिली की तक्रार "कधी चालतं कधी नाही" अशी येते.

प्रश्न: वर्षातून एकदाच तर करायचं असतं, हाताने केलं तर काय बिघडतं?

आता वर्षातून एकदा राहणार नाही. १ सप्टेंबर २०२० पासून कमाल मुदत ३९८ दिवस होती. सीए/ब्राउझर फोरमच्या (सीए आणि ब्राउझरवाल्यांचा नियम ठरवणारा मंच) २०२५ मधल्या ठरावानुसार ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. म्हणजे महिन्या-दीड महिन्याला फाइल जोडायची, आणि दर वेळी बंडल विसरायची संधी. ऑटोमेशन आत्ताच लावा, आणि त्याच स्क्रिप्टच्या शेवटी कर्लने आपल्याच साईटला एक कॉल करा, ब्राउझरने नको. लिनक्सवरचा कर्ल सहसा इंटरमीजिएट शोधायला जात नाही, त्यामुळे चेन तुटली असेल तर तो एरर ६० देईल आणि मेल तुम्हाला रात्रीच येईल, ड्रायव्हर रस्त्यावर निघायच्या आधी.